नाटकाचा पेपर आणि नाटकाची पदवी

गडचिरोलीकडच्या आरमोरी तालुक्यातली एक मुलगी मागच्या उन्हाळ्यात मला फोनवर म्हणाली, "ताई, मी बी.ए.ले मराठी वाङ्मय घेतलं. त्यात नाटक लावलं आहे. मंग मी नाटकच शिकून राहिली ना?"

धान कापून झाल्यावर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत तिनं दोन वर्षं गावच्या मंडळाच्या नाटकात काम केलं होतं. आपलं नाटकाचं शिक्षण सुरू झालं, असं तिनं घरीही सांगून टाकलं होतं. मला तिला "नाही" म्हणवेना, आणि "हो" म्हणणं खोटं झालं असतं. मी स्वतः आधी मराठी घेऊन शिकले, मग नाट्यशास्त्राकडे गेले. या दोन वर्गांत काय फरक आहे, हे मला प्रवेश घेण्याआधी कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

गोंधळाचं मूळ शब्दातच आहे. मराठीत पुस्तकातलं तेही नाटक आणि मंडपातलं तेही नाटक. "नाटक वाचलं" आणि "नाटक पाहिलं" यात क्रियापद बदलतं, नाम तेच राहतं. विद्यापीठात मात्र हे दोन निराळे विभाग असतात. एक भाषा-साहित्याचा, जिथे कविता, कादंबरी यांच्या शेजारी नाटक बसतं. दुसरा नाट्यशास्त्राचा, जिथे नाटकाशेजारी नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, आवाज आणि शरीर बसतं.

एकच नाटक दोन्हीकडे घेऊन बघू. महेश एलकुंचवार आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. त्यांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगमंचावर आलं. विदर्भातल्या एका खेड्यातलं देशपांड्यांचं घर, घरातले कर्ते तात्याजी वारलेले, मुंबईचा मुलगा आणि सून आलेले, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर.

मराठीच्या वर्गात या नाटकाला प्रश्न विचारला जातो तो असा: हे काय सांगतं? वाडा कशाचं प्रतीक आहे, जमीनदारी संपल्यावर या घराच्या प्रतिष्ठेचं काय होतं, थोरली सून आणि धाकटी सून यांच्या बोलीत काय अंतर आहे, वऱ्हाडी कुठे येते आणि प्रमाण मराठी कुठे. मग हे नाटक मराठी नाटकाच्या परंपरेत कुठे ठेवायचं, याची चर्चा होते. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं तिथपासूनची ती परंपरा. हे काम फार मोलाचं आहे. मला वाचायला शिकवलं ते याच वर्गानं. एका वाक्यात लेखकानं काय दाबून ठेवलंय, हे ओळखायची सवय तिथेच लागली.

पण तिथे एकदा मी विचारलं होतं, की वहिनी, म्हणजे घरातली थोरली सून, रात्री घराण्याचे दागिने अंगावर चढवते, त्या वेळी उजेड कुठून येत असेल? "हे आपल्या अभ्यासक्रमात नाही," असं उत्तर मिळालं. तेव्हा मला ते लागलं. आज वाटतं, उत्तर बरोबर होतं, फक्त पुढचं एक वाक्य राहून गेलं: हा प्रश्न जिथे अभ्यासक्रमात आहे असा दुसरा विभाग असतो.

नाट्यशास्त्राच्या वर्गात नाटक हातात येतं ते अर्धवट म्हणून. तिथे प्रश्न असतो: हे उभं कसं राहील? ट्रॅक्टर खरंच दाखवायचा का? दाखवला तर रंगमंचाचा किती भाग तो खाईल, आणि नाही दाखवला तर नटांनी कुठे बघायचं म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तो दिसेल? दागिन्यांच्या प्रवेशात उजेड कमी ठेवला तर सोनं चमकत नाही, जास्त ठेवला तर रात्र राहत नाही. वहिनीचा पदर, हात, मान यांचा वेग किती? त्या भूमिकेतल्या नटीला आधी दिवसभर जड कडी घालून वावरायला लावतात, कारण वजन अंगाला माहीत झाल्याशिवाय खांदे खरे वागत नाहीत. एका प्रवेशावर आठवडा जातो. मग तालमी, रंगीत तालीम, प्रयोग, आणि प्रयोगानंतर तोंडी परीक्षा: अमुक हालचाल का दिली, अमुक ठिकाणी स्पॉट का काढला?

तिथे भरतमुनी येतात ते असे, की आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (मनोभावांचा) हे अभिनयाचे चार प्रकार नुसते पाठ करायचे नाहीत, करून दाखवायचे. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की येतो, जर्मन नाटककार ब्रेख्त येतो. पुस्तकं असतात, लेखी पेपरही असतात. "नाट्यशास्त्र म्हणजे नुसती उड्या मारायची मजा" असं समजून येणारी मुलं पहिल्याच सत्रात घाबरतात. उलट खोटही मी तिथे पाहिली आहे. संहिता पूर्ण न वाचता फक्त आपल्या भूमिकेची पानं घेऊन तालमीला येणारे नट असतात, आणि मराठीच्या वर्गात लागलेली वाचायची सवय त्यांच्याजवळ नसते. तेव्हा तो आधीचा वर्ग मला फार आठवायचा.

आमच्या काकाजींची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण हा फरक मला खऱ्या अर्थानं कळला तो त्यांच्या वहीत. काकाजी झाडीपट्टीत प्रॉम्प्टर होते, म्हणजे नटांना बाजूनं संवाद सुचवणारे. ज्यांनी झाडीचं नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा तो पट्टा, आणि वडसा हे त्याचं ठाणं. दिवाळीनंतर मंडई, शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की गावोगाव मंडप पडतात. मागच्या माणसालाही दिसावं म्हणून मोकळ्या वावरात जमीन खोदून उतार करतात. नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. नट आज एका गावी एक नाटक, उद्या दुसऱ्या गावी दुसरं, असं हिंडत असतात. प्रत्येक नाटकाच्या महिनाभर तालमी शक्यच नसतात. म्हणून बाजूला वही घेऊन बसलेला प्रॉम्प्टर हा त्या रात्रीचा कणा असतो.

काकाजींच्या वहीत मधे संवाद असायचे आणि समासात त्यांच्या खुणा. इथे गाणं, इथे पेटीवाल्याकडे पाह्यचं, इथे हशा येते म्हणून पुढचं वाक्य थांबवून द्यायचं, इथे हा नट अडकतो. ती वही मराठीच्या अभ्यासकाच्या हाती दिली तर तो मधला मजकूर वाचेल: झाडीबोलीचे शब्द, कथानकाचा साचा, बापलेकीचे, जमिनीचे, दारूचे विषय, गाण्यांचे शब्द. नाट्यशास्त्राचा अभ्यासक समास वाचेल: प्रेक्षक किती वेळ हसतो, नट आणि प्रॉम्प्टर यांच्यात किती क्षणांचं अंतर असतं, ते अंतर लपवायला नट कोणती हालचाल करतो. वही एक, अभ्यास दोन. आणि एक खंत बोलूनच टाकते: अशा वह्या आमच्या भागात घरोघरी वाळवीला जात आहेत. दोन्ही विभागांतल्या कोणीतरी त्या वेळेत उचलाव्यात, अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

दंडारीचं, म्हणजे आमच्याकडच्या गाण्या-नाचाच्या लोकनाट्याचं, तसंच. साहित्याचा विद्यार्थी 'लोकसाहित्य' या पेपरासाठी दंडारीची गाणी गोळा करेल, एकाच कथेची चार गावांतली चार रूपं लावून बघेल. नाट्यशास्त्राचा विद्यार्थी खेळ बघताना वेगळंच टिपेल: खेळणारे कुठून आत येतात, पुरुष बाईचं सोंग घेतो तेव्हा चाल कुठल्या क्षणी बदलते, वाद्य थांबल्यावर बोलणं किती वेळानं सुरू होतं. दोघं एकाच ओट्यावर बसलेले असले तरी त्यांच्या टिपणांत एकही ओळ सारखी नसेल.

झाडीत काम केलेल्या मुलांना विचारावंसं वाटतं ते हे की आमचा अनुभव कुठे कामाचा? मराठीच्या प्रवेशाला तो लागत नाही. तिथे तुमची बोली आणि तुमचं वाचन ही शिदोरी. नाट्यशास्त्रात तो अनुभव पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. शेकडो माणसांच्या मंडपात आवाज पोचवायची सवय, वाक्य विसरल्यावरही न डगमगणं, गाण्यातून संवादात सहज उतरणं, हे शहरी मुलांना शिकायला बराच काळ लागतो. पण झाडीच्या मुलांना काही गोष्टी सोडाव्या लागतात, आणि ते दुखतं. छोट्या जागेत, वीस माणसांसमोर हळू बोलणं. एका प्रवेशाच्या चाळीस तालमी. टाळी आली नाही तरी गप्प उभं राहणं. मी पाहिलेली कितीतरी चांगली मुलं या वळणावर "हे आपलं नाटक नाही" म्हणून परत फिरली. ते आपलंही आहे, एवढंच मला त्यांना सांगायचं होतं. मंडपातलं काम कमी दर्जाचं, असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती झाडीच्या रंगभूमीवरच्या कामासाठीच.

पोटापाण्याचं थोडक्यात. इथे मी गुळमुळीत बोलणार नाही, कारण गावाकडच्या घरात हाच प्रश्न पहिला येतो. मराठी घेऊन एम.ए., बी.एड. केलं तर शाळेत, ज्युनिअर कॉलेजात अर्ज करता येतो, कारण मराठीचा शिक्षक प्रत्येक शाळेला लागतो. नाट्यशास्त्राचा शिक्षक गावच्या शाळेला लागत नाही. वरच्या पातळीवर दोन्हीकडे 'नेट' ही प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा आहे, पण विषय वेगळे: एक 'मराठी', दुसरा 'परफॉर्मिंग आर्ट्स', ज्यात नृत्य, नाटक, रंगभूमी येतात. दोन्हीला पदव्युत्तर पदवीत खुल्या गटाला ५५ टक्के आणि राखीव गटाला ५० टक्के गुण लागतात. नाट्यशास्त्र केलेली मुलं प्रकाशयोजना, ध्वनी, दिग्दर्शन, मालिका-सिनेमा, नाट्यशिबिरं अशी पांगतात. महिन्याच्या एक तारखेला पगार ही गोष्ट त्यांच्यात कमी जणांच्या वाट्याला येते. ते पत्करायची तयारी घरी बोलून ठेवा.

नावांनी फसू नका. 'नाट्यशास्त्र' म्हटलं की काही पालकांना वाटतं हे संस्कृतचं शिक्षण. भरताच्या ग्रंथाचं नाव तेच, म्हणून असं होतं. विद्यापीठांत हाच विषय वेगवेगळ्या पाट्यांखाली सापडतो. पुण्याला ललित कला केंद्र आहे, १९८७ पासूनचं, जिथे नृत्य आणि संगीताबरोबर नाटक शिकवतात. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ ची. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. आणि आपल्या जवळ, वर्ध्याला, महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात 'प्रदर्शनकारी कला' या नावाखाली सिनेमा आणि नाटक शिकवतात. तिथलं माध्यम हिंदी. आपल्या भागातल्या पोरांना हिंदी जड जात नाही, तरी मराठी संहितेवर काम करायची भूक असेल तर आधी विभागात जाऊन विचारून घ्या. 'नाटक' या एका शब्दावर विसंबून अर्ज भरण्यापेक्षा विषयपत्रिकांची यादी मागवा. त्यात 'नेपथ्य', 'अभिनय', 'प्रयोग' असे प्रात्यक्षिक पेपर आहेत की 'नाट्यवाङ्मय' आणि 'समीक्षा' आहे, एवढं पाहिलं तरी कोणता वर्ग आहे ते कळतं.

दिल्लीच्या एनएसडीबद्दल हमखास विचारतात. १९५९ साली सुरू झालेलं राष्ट्रीय नाट्य विद्यालय ही दोन्हींहून वेगळी गोष्ट: तीन वर्षांची पूर्णवेळ पदविका. प्रवेशासाठी आधी चाचणी, मग दिल्लीत कार्यशाळा. त्यासाठी कोणत्याही विषयातली पदवी चालते आणि आधी केलेली नाटकं विचारली जातात. म्हणजे मराठीची बी.ए. करणाऱ्या मुलीचा रस्ता बंद होत नाही. झाडीत काम केलं असेल तर नाटकाची पत्रकं, पोस्टर, फोटो जपून ठेवा. आमच्याकडे ती दुसऱ्या दिवशी चूल पेटवायला जातात.

आरमोरीच्या त्या मुलीला मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की बी.ए. सोडू नको, मराठी चालू ठेव, आणि 'वाडा चिरेबंदी' एकदा वाच, मग मला फोन कर. वाचून कोणी विचारतं की शेवटी त्या घराचं काय होणार. कोणी विचारतं की लेखकाला गाव आवडत होतं की नाही.

तिचा फोन आला तो आठवड्यानं, रात्री, घरातले निजल्यावर. हळू आवाजात म्हणाली, "ताई, वहिनी ते दागिने घालते ना रातच्याले... ते वाजत असन का? कोणी उठन म्हणून ते हातानं धरून ठेवत असन का?"

मी तिला वर्ध्याच्या प्रवेशाची माहिती पाठवली. बी.ए.ची अजून दोन वर्षं आहेत तिची.