ख्रिस्ती जीवनातील आध्यात्मिक वाढीची पारख

ख्रिस्ती माणूस श्रद्धेत खरोखर परिपक्व होत आहे, की केवळ धार्मिक आचार, भाषा आणि भावनावेग यांतच पुढे जात आहे, हे ओळखण्याचा विचार व त्यासाठी रूढ झालेल्या रीती. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत या वाढीला सहसा ‘आत्मिक वाढ’ म्हणतात. धर्मशास्त्रात तिला ‘पवित्रीकरण’ असा शब्द आहे, तर कॅथलिक परंपरेत पारखण्याच्या क्रियेला ‘विवेक’ म्हटले जाते. बाप्तिस्मा एका दिवशी होतो, पण ख्रिस्ताच्या स्वभावाशी जुळत जाणे आयुष्यभर चालते आणि ते बाहेरून सहज मोजता येत नाही. म्हणूनच हा प्रश्न पहिल्या शतकापासून ख्रिस्ती मंडळीच्या सोबत आहे.

बायबलमध्ये या विषयाची भाषा मुख्यतः शेतीची आहे. मत्तयाच्या सातव्या अध्यायात येशू खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखायला सांगतो आणि लगेच पुढे बजावतो, की आपल्या नावाने भुते काढणाऱ्या आणि अद्भुते करणाऱ्या पुष्कळांनाही शेवटी ओळख नाकारली जाईल. सामर्थ्य दिसले म्हणजे वाढ झाली, हे समीकरण तिथेच मोडते. पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवरचे बी झटकन उगवते, ते माती खोल नसल्यामुळेच. मार्कच्या चौथ्या अध्यायातला शेतकरी रोज झोपतो, उठतो आणि बी कसे वाढते ते त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. हे दोन दाखले शेजारी ठेवून वाचले की वाढीचा वेग किती फसवा असतो आणि खरी वाढ होणाऱ्याच्या स्वतःच्याही नजरेतून किती निसटते, हे लक्षात येते.

सर्वांत अधिक आधार घेतला जातो तो प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचा. तेथे प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन असे नऊ गुण येतात. परंतु मूळ ग्रीकमध्ये ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे आणि मराठी भाषांतरानेही तो तसाच राखला आहे. त्यामुळे यातला आवडता गुण निवडून बाकीचे सोडून देण्याची मुभा उरत नाही. कमालीचा उत्साही पण घरात सौम्यता नसलेला माणूस या कसोटीला उतरत नाही. त्याच्या आधी आलेली ‘देहाच्या कर्मांची’ यादी त्याहून बोलकी आहे. व्यभिचार, मूर्तिपूजा, दारूबाजी यांकडे वाचकाचे लक्ष चटकन जाते, पण यादीतली जवळजवळ निम्मी कर्मे वैर, कलह, मत्सर, राग, तट आणि फुटी या जातीची आहेत, म्हणजे मंडळीच्या पंचसभेत (कारभारी समितीत) बसून, एक थेंबही न पिता करता येण्याजोगी आहेत. करिंथच्या मंडळीत कृपादानांची, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेल्या विशेष सामर्थ्यांची, रेलचेल होती. तरीही तिच्यातली भांडणे पाहून पौलाने तिला ‘ख्रिस्तातली बालके’ म्हटले आणि जड अन्नाऐवजी दूध पाजले. वाढीचे मोजमाप एकांतातल्या अनुभवापेक्षा संबंधांत शोधण्याची रीत इथून येते.

पहिल्या पिढ्यांनी हीच कसोटी अगदी व्यवहारी करून ठेवली. ‘डिडाखे’ या फार जुन्या ख्रिस्ती आचारग्रंथात फिरत्या उपदेशकांबद्दल सूचना आहेत: जो तीन दिवस मुक्काम ठोकतो किंवा आत्म्याच्या प्रेरणेच्या नावाखाली पैसे मागतो, तो खोटा समजावा, संदेष्टा त्याच्या बोलण्यावरून नव्हे, तर प्रभूच्या चालीरीतीवरून ओळखावा. एकोणिसाव्या शतकात हा मजकूर पुन्हा हाती लागला. आज तो वाचताना मुंबईतल्या कोणाही जाणत्या पाळकाला आपलीच नियमावली वाचत असल्यासारखे वाटेल.

सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी या विचाराला पद्धतशीर रूप दिले. १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात मनातील ‘सांत्वन’ (देवाकडे ओढणारी शांती) आणि ‘उजाडपणा’ (मन कोरडे व अस्वस्थ होणे) या दोन अवस्था ओळखण्याचे नियम आहेत. त्यांतला एक दृष्टांत लक्षात राहण्याजोगा आहे: चांगल्याकडून अधिक चांगल्याकडे जाणाऱ्या माणसाला चांगल्या आत्म्याचा स्पर्श स्पंजात मुरणाऱ्या थेंबासारखा हळुवार वाटतो आणि वाईटाचा स्पर्श दगडावर आदळणाऱ्या पाण्यासारखा खडबडीत, अधोगतीला लागलेल्या माणसाचा अनुभव नेमका उलटा असतो. तेव्हा मनाला बरे वाटणे हे स्वतःहून काहीच सिद्ध करत नाही. आपण कोणत्या दिशेला निघालो आहोत हे आधी पाहावे लागते. इग्नेशियस यांनी एक दोष जितक्या वेळा घडेल तितकी टिंबे रोज दोनदा मांडायची रेघांची तालिकाही सुचवली आहे, ज्यात दिवसागणिक रेघा आखूड होत जातात. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालय (१८६९) चालवणाऱ्या येशूसंघीयांमुळे, म्हणजे इग्नेशियस यांच्याच संघातील धर्मगुरूंमुळे, या साधनेची शहरातल्या कॅथलिकांना जुनी ओळख आहे.

प्रॉटेस्टंट बाजूला हे काम अमेरिकेतील जोनाथन एडवर्ड्स यांनी केले. १७४० च्या सुमारास न्यू इंग्लंडमध्ये उसळलेली धार्मिक जागृती त्यांनी जवळून पाहिली होती. १७४६ च्या ग्रंथात त्यांनी आधी बारा अशी लक्षणे मांडली, ज्यांवरून अनुभव खरा किंवा खोटा असे काहीच ठरत नाही: भावनेची तीव्रता, शरीराचा थरकाप, तोंडावर खेळणारी वचने, दीर्घ उपासना, अगदी स्वतःच्या तारणाची पक्की खात्रीसुद्धा. मग खऱ्या वाढीची बारा लक्षणे देऊन त्यांनी ख्रिस्ती आचरणाला शेवटचे आणि सर्वांत वजनदार स्थान दिले. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्टांनी १७४२ पासून सुमारे बारा जणांचे वर्ग चालवले, जिथे दर आठवड्याला प्रत्येकाच्या आत्म्याची विचारपूस होई.

मराठी ख्रिस्ती इतिहासात याची उदाहरणे सिद्धान्ताहून स्पष्ट दिसतात. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला आणि १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन ही स्त्रियांसाठीची शाळा उघडली. पण पुढे स्वतःची साक्ष लिहिताना त्यांनी कबूल केले, की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. इतके मोठे काम चालू असताना स्वतःतली उणीव पाहू शकणे, हेच अनेक अभ्यासक वाढीचे चिन्ह मानतील. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, परत आल्यावरही सोवळे राखून वेगळा स्वयंपाक करत राहिल्या, आणि शिवाशिवीची कल्पना मनातून पुरती गळाल्यावर १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. चुलीपासून आणि पाण्याच्या भांड्यापासून सुरू झालेला हा बदल त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त कसलाही आव न आणता सांगितला आहे. टिळकांनी तर १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय उभा केला; त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईत त्यांचे निधन झाले. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन १८४८ मध्ये मुंबईत आले, थोड्याच काळात मिशनचे वेतन नाकारले आणि १८८८ पर्यंत याच शहरात अत्यंत साधेपणाने राहिले. कुलाबा परिसरातील बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च त्यांच्या नावाने आहे.

आजच्या मुंबईत ही पारख बहुधा नाव न घेताच चालते. चाळीतल्या किंवा वसाहतीतल्या प्रार्थनासभेत ‘साक्ष’ दिली जाते: सुटलेले व्यसन, मिळालेली नोकरी, बरा झालेला आजार. साक्षीला मान आहे आणि तो असावा, पण तिच्यात भूतकाळ फार आणि वर्तमानकाळ थोडा असतो, ही जुन्या पाळकांची तक्रार निराधार नाही. माहीमच्या सेंट मायकल चर्चमधील बुधवारच्या नोव्हेनाला (नऊ आठवडे करायच्या प्रार्थनेला) किंवा सप्टेंबरमधील वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला जाणाऱ्या भाविकाची श्रद्धा खरी असते. मात्र नवस फेडणे आणि स्वभाव पालटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पापस्वीकाराच्या वेळी धर्मगुरूचे प्रश्न सहसा दुसऱ्या गोष्टीकडे वळतात. उधारी फेडली का, भावाशी बोलणे सुरू झाले का, कामवाल्या बाईशी वागणे कसे आहे, घरच्या लग्नात जात विचारली का, असे हे प्रश्न असतात. एका भिंतीपलीकडे सगळे ऐकू येणाऱ्या घरांत त्यांची उत्तरे शेजाऱ्यांना आधीच ठाऊक असतात, हा या शहराचा एक फायदाच म्हणावा लागेल.

पंथापंथांत मतभेद अर्थातच आहेत. वेस्ली परिपूर्ण प्रीती याच जन्मी शक्य मानत. लूथरच्या परंपरेत विश्वासी माणूस अखेरपर्यंत एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो. पेंटेकोस्टल मंडळ्यांत अन्य भाषांत, म्हणजे न शिकलेल्या भाषांत, बोलणे हे पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे चिन्ह समजले जाते, परंतु त्यांचेही जबाबदार शिक्षक ते परिपक्वतेचे प्रमाणपत्र मानत नाहीत.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो प्रार्थना कोरडी पडल्यावर, कारण घसरण आणि खोल वाढ यांचे बाह्य रूप तेव्हा सारखेच दिसते. सोळाव्या शतकातील स्पॅनिश कार्मेलाइट संन्यासी संत योहान (जॉन ऑफ द क्रॉस) यांनी यासाठी तीन खुणा सांगितल्या: देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, तशी इतर कशातही वाटत नाही; आपण देवाची सेवा नीट करत नाही ही रुखरुख मनाला लागून राहते; आणि पूर्वीसारखे मनन प्रयत्न करूनही जमत नाही. तिन्ही एकत्र दिसल्या तरच ती वाढीची रात्र, म्हणजे खोल वाढ घडवणारा कोरडा काळ, समजावी. नुसती पहिली दिसली, तर आजारपण, थकवा किंवा निव्वळ कोमटपणा असू शकतो. अशा काळात आधी केलेला निश्चय बदलू नये, असा इग्नेशियस यांचा नियम आहे. त्यामुळे लोकलचा प्रवास करून रात्री उशिरा घरी पोहोचणाऱ्या माणसाला चांगला मार्गदर्शक आधी झोपेविषयी विचारतो आणि मग प्रार्थनेविषयी.