अपडेट मागे घेतलं, पण बोर्डाला पटेना

मागच्या महिन्यात एका लायब्ररीचं अपडेट आमच्या योक्टो बिल्डमधे (योक्टो म्हणजे छोट्या उपकरणांसाठी आपलं लिनक्स बांधायची साधनं) आम्हीच घातलं आणि आम्हालाच काढावं लागलं. गिट रिव्हर्ट मारलं, म्हणजे कोडमधला तो बदल उलटवला, बिल्ड पास झालं, पॅकेजं फीडवर (बोर्ड जिथून पॅकेजं उतरवतो तो सर्व्हर) चढवली आणि टेबलावरच्या बोर्डावर, म्हणजे ते लिनक्स चालवणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डावर, अपग्रेड चालवलं तर तो ढिम्म. एरर नाही, काही नाही, गपचूप प्रॉम्प्ट परत.

गिटला रिव्हर्ट कळतं, पण बोर्डावर पॅकेजं बसवणाऱ्या ओपीकेजी या प्रोग्रॅमला गिटशी देणंघेणं नाही, तो फक्त व्हर्जन बघतो, आणि जो आकडा मोठा तो नवा. आता मोठा कोणता, हे भारी आहे बरं का. शाळेत ५.१० हा ५.९ पेक्षा लहान, इथे मोठा. व्हर्जनचे डावीकडून तुकडे पडतात, अंकांचे वेगळे आणि बाकी चिन्हांचे वेगळे, अंक संख्या म्हणून तोलायचे, चिन्हं ठरलेल्या क्रमाने. एक व्हर्जन आधी संपलं तर ते लहान, म्हणून ५.६.१ पुढे + लावून काहीही लिहा, ते मोठंच ठरतं. अपवाद ~ चा, तो 'काहीच नाही' पेक्षाही लहान, म्हणून ५.६.१~आरसी१ हे ५.६.१ च्या आधी येतं.

डेबियन या लिनक्सने + ची हीच युक्ती वापरली. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने एक्सझेड या फायली आवळणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ मधे कुणीतरी लपवलेला चोरदरवाजा उघड केला, तोही एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खणत बसल्यामुळे. डेबियनला जुनं ५.४.५ परत द्यायचं होतं, म्हणून नाव ठेवलं '५.६.१+रिअली५.४.५', म्हणजे वरून मोठं, आत जुनं! (तेव्हा 'तुमचा राउटरपण हॅक' असे फॉरवर्ड फिरले. तो कोड एक्स८६-६४, म्हणजे पीसी-सर्व्हरच्या प्रोसेसरवरच्या लिनक्ससाठी होता, एआरएम हा वेगळाच प्रोसेसर असलेल्या राउटरवर तो चाललाच नसता.)

दुसरा उपाय एपॉक. हा व्हर्जनच्या सुरुवातीला लावायचा आकडा, तिथे १: लागलं की १:५.४.५ हे ५.६.१ ला हरवतं, कारण आधी एपॉक बघतात, बाकी नंतर. योक्टोत त्याला पीई म्हणतात. खंडेनवमीला बिल्ड सर्व्हरला हार घालतो आम्ही, पण तुलनेचा हा नियम हाराला भीक घालत नाही.

आम्हाला 'रिअली'वाली युक्तीच आवडली होती, पण आमच्या रेसिपीत (लायब्ररी कशी बांधायची ते सांगणारी योक्टोची फाइल) सोर्सच्या टारबॉलचं, म्हणजे कोडच्या गठ्ठ्याचं, नाव पीव्हीवरूनच, म्हणजे तिथे लिहिलेल्या व्हर्जनवरूनच बनतं आणि असल्या नावाचा टारबॉल जगात कुठेच नाही, डाउनलोड लगेच फेल. मग मुकाट पीई १ केलं. बोर्डाने एका फटक्यात जुनी लायब्ररी घेतली, आणि ते १: आता त्या रेसिपीला जन्मभर चिकटलं, कारण काढलं की परत तोच ढिम्मपणा.