थव्यातला पहारेकरी खोटं का बोलतो?

उष्णकटिबंधीय जंगलात पहिल्यांदाच पक्षी बघायला निघालेल्यांची एक ठाम समजूत असते. इतकं दाट, बारमाही हिरवं जंगल, म्हणजे फांदीफांदीवर पक्षी असणारच. माहितीपटांनी ही समजूत आणखी पक्की केली आहे, कारण महिनोन्‌महिने केलेलं चित्रीकरण पन्नास मिनिटांत बसवलेलं असतं हे कोणी बोलून दाखवत नाही. प्रत्यक्षात गाईडच्या मागून तास-दीड तास चालावं, मान अवघडेपर्यंत वर बघावं आणि चेकलिस्टमध्ये तीन-चार नावांपलीकडे काही पडू नये, असं सर्रास होतं. मग गाईड एकदम थबकतो, हात वर करतो, आणि पुढची पाच-सात मिनिटं कुठे बघू नि कुठे नको अशी होऊन जातात. खोडावर काहीतरी सरकतंय, वेलींच्या गुंत्यात दोन शेपट्या हलताहेत, वर शेंड्याला पिवळंधमक काही चमकून गेलं. दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत निम्मे पक्षी पुढे निघून गेलेले असतात, आणि थोड्याच वेळात जंगल पुन्हा रिकामं होतं.

याला कोणी नशीब म्हणतं, कोणी गाईडच्या अंगची विद्या. पण जे गेलं तो मिश्र थवा होता. वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र येऊन अन्न शोधत फिरतात, आणि जंगलातले कित्येक कीटकभक्षी पक्षी दिवसाचा बराचसा वेळ अशा थव्यातच असतात. त्यामुळे जिथे थवा आहे तिथे खूप काही असतं आणि बाकी जंगल ओस वाटतं. श्रीलंकेतल्या सिंहराजाच्या वर्षावनात असे शेकडो थवे मोजले गेले. तिथे एका थव्यात सरासरी अकरा-बारा जातींचे चाळीसेक पक्षी निघाले. अ‍ॅमेझॉनमध्ये झाडोऱ्यातला थवा आणि शेंड्यांवरचा थवा एकत्र आले, तर जातींचा आकडा पन्नासच्याही वर जातो.

हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्ग-अभ्यासक 1848 ते 1859 अशी अकरा वर्षं अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात राहिला. दिवसचे दिवस पक्षी दिसत नाहीत आणि मग अचानक सगळी झाडं त्यांनी भरून जातात, हे त्याने 1863 साली लिहून ठेवलं. तिथल्या लोकांनाही हे थवे ठाऊक होते. ‘उइरा-पारा’ नावाचा एक छोटा राखाडी पक्षी बाकीच्यांना भुरळ घालून आपल्यामागे फिरवतो, असं ते सांगत. इथवर ठीक होतं. पण या समजुतीतून पुढे असं निघालं की तो पक्षी वाळवून कपड्यांच्या पेटीत ठेवला की माणसांनाही भुरळ पडते, प्रियकर मागे लागतात. शिकारी ते वाळलेले पक्षी चढ्या भावाने विकत. एका चांगल्या निरीक्षणाची अंधश्रद्धेने कशी माती होते, त्याचं हे दुःखद उदाहरण आहे. निरीक्षण चांगलं म्हणायचं कारण असं, की थव्याला पुढारी खरोखरच असतो आणि अ‍ॅमेझॉनच्या झाडोऱ्यात तो बहुतेकदा राखाडी रंगाचाच असतो. चूक फक्त कारणात होती. बाकीचे पक्षी त्याच्या मागे जातात ते जिवाच्या भीतीने.

कीटक शोधणाऱ्या पक्ष्याला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात. पानात बघायचं आणि आभाळाकडेही बघायचं, कारण ससाणे आणि शिक्रे सूचना देऊन येत नाहीत. चार जण बरोबर असले तर प्रत्येकाचा पहारा थोडा हलका होतो. पण ते चौघं एकाच जातीचे असले तर चौघांना एकच किडा हवा असतो. जाती वेगळ्या असल्या की ही अडचण बरीच कमी होते. एक जण खोडाची साल उचकटतो, दुसरा हिरव्या पानांच्या खालची बाजू तपासतो, तिसरा हवेत झेप घेऊन उडता किडा टिपतो.

यातल्या काही छोट्या अँटरेन पक्ष्यांकडे जरूर लक्ष द्यावं. झाडावरून गळालेली पानं जमिनीवर पोचण्याआधीच वेलींमध्ये अडकतात, वाळतात आणि गुंडाळली जातात. त्या सुरळीत कोळी आणि नाकतोडे दिवसभर दडून बसतात. अँटरेन अशा पानाला उलटा लोंबकळतो आणि डोकं थेट आत खुपसतो. पान कुरकुरत असतं, डोळ्यांपुढे अंधार असतो, पाठ उघडी असते. दिवसभर हाच उद्योग. बाहेर कोणीतरी राखण करत असल्याशिवाय इतका धोक्याचा धंदा परवडणं कठीण आहे.

ती राखण करणारा म्हणजे अँटश्राइक. थॅम्नोमेनीस या प्रजातीतले (जवळच्या जातींच्या गटातले) हे पक्षी जरा मोकळ्या फांदीवर ताठ बसतात आणि चौफेर बघत राहतात. बाकीच्यांच्या धांदलीत जे किडे बिथरून उडतात ते हवेतच पकडतात. म्हणजे त्यांची नजर पोटासाठीसुद्धा बाहेरच असावी लागते. ससाणा दिसला की तेच आधी ओरडतात आणि अख्खा थवा जागच्या जागी थिजतो किंवा झाडीत घुसतो. शेंड्यांवरच्या थव्यात हीच भूमिका श्राइक-टॅनेजर बजावतो.

आता खरी गंमत. चार्ल्स मन हे संशोधक पेरू देशातल्या मानू राष्ट्रीय उद्यानात या थव्यांमागे हिंडत असताना त्यांच्या लक्षात आलं, की आसपास एकही शिकारी पक्षी नसताना पहारेकरी इशाऱ्याची हाक देतात. अशी हाक बऱ्याचदा नेमक्या एका क्षणी येते. एका किड्यामागे पहारेकरी आणि थव्यातला दुसरा कोणीतरी असे दोघं झेपावलेले असतात. हाक ऐकून दुसरा क्षणभर कचरतो, आणि तेवढ्यात किडा पहारेकऱ्याच्या चोचीत गेलेला असतो. मन यांनी 1986 साली हे प्रसिद्ध केलं.

‘लांडगा आला रे आला’ ओरडणाऱ्या पोराच्या गोष्टीत गावकरी दोन वेळा फसतात आणि तिसऱ्यांदा येत नाहीत. मग हे पक्षी रोजच्या रोज फसूनही पुन्हा का बिचकतात? ते मूर्ख आहेत, हे उत्तर चुकीचं आहे. गावकऱ्यांना न जाण्याची किंमत दुसऱ्याच्या मेंढ्यांच्या रूपात मोजायची होती. पक्ष्याला ती स्वतःच्या जिवाने मोजावी लागते.

आकडे घेऊन बघू. हे आकडे केवळ हिशेबासाठी मानलेले आहेत. समजा, हाक ऐकून दचकलं तर एक किडा हातचा जातो. समजा, पक्ष्याच्या उरलेल्या आयुष्याचं मोल दहा हजार किडे आहे. आणि समजा, हाक खरी असताना दुर्लक्ष केलं तर दहातल्या एका वेळी ससाणा त्याला उचलतो. मग खऱ्या हाकेकडे केलेल्या प्रत्येक दुर्लक्षाचा सरासरी तोटा दहा हजारांचा दहावा भाग, म्हणजे एक हजार किडे झाला. खोट्या हाकेवर विश्वास ठेवण्याचा तोटा आहे एक किडा. दोन्ही पारडी समान केव्हा होतील? हजार-एक हाकांमध्ये एकच खरी असेल तेव्हा. म्हणजे 1,000 पैकी 998 हाका खोट्या निघाल्या, तरी दरवेळी दचकणारा पक्षीच फायद्यात राहतो! पक्षी ही आकडेमोड करत नाही, हे उघड आहे. जे बेफिकीर होते त्यांची पिल्लं कमी जगली आणि बिचकणाऱ्यांची जास्त, इतक्यावर पिढ्यान्‌पिढ्या हा स्वभाव घडत गेला.

तोटा एका किड्याऐवजी पाच किड्यांचा धरला तर ही मर्यादा हजारावरून दोनशेवर येते. ससाणे विरळ असतील तर खऱ्या हाकांचं प्रमाणच घटतं आणि मर्यादा लवकर गाठली जाते. म्हणून लबाडीला लगाम आहे. खोटं फार झालं तर ऐकणाऱ्याला थवा सोडणं परवडू लागेल, आणि थवा सुटला तर किडे उठवून देणारं कोणी उरणार नाही. पहारेकरी हा अट्टल खोटारडा नव्हे, कारण खरा ससाणा येतो तेव्हा इशारा तोच देतो. त्याच्या खोट्याला किंमत आहे ती त्याच्या खऱ्यामुळेच. मला प्राण्यांच्या वर्तनशास्त्रात याहून सुंदर उदाहरण माहीत नाही.

याच्या पुढची पायरी कोतवाल पक्ष्यांनी गाठली आहे. आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटातला दुभंग शेपटीचा कोतवाल मीरकॅट (मुंगसासारखे छोटे प्राणी) आणि सातभाईंच्या जातकुळीतल्या पक्ष्यांना असंच फसवून त्यांचं अन्न पळवतो. टॉम फ्लॉवर आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की त्याच्या रोजच्या खाण्यातला 23 टक्के वाटा असा चोरीचा असतो. तिथले कोतवाल मिळून धोक्याच्या एकावन्न प्रकारच्या हाका काढतात आणि त्यांतल्या बऱ्याच इतर प्राणीपक्ष्यांच्या आहेत. ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्यावर दिसलं की तीच ती हाक पुन्हापुन्हा आली की समोरचे पक्षी तिला जुमानेनासे होतात, आणि हाक बदलली की पुन्हा दचकतात. कोतवालही एक हाक चालेनाशी झाली की दुसरी काढतो.

सिंहराजातला पल्लवपुच्छ कोतवाल हीच नकलेची कला वेगळ्या कामाला लावतो. थव्यात येणाऱ्या इतर जातींचे आवाज तो काढतो, आणि त्याच्या नकला ऐकवल्यावर त्या जातींचे पक्षी जवळ येतात असं तिथल्या प्रयोगात आढळलं. सोप्या भाषेत, तो थवा जमवतो.

आता गाईडकडे वळू. अ‍ॅमेझॉनमधले झाडोऱ्यातले थवे ठरावीक हद्दीत फिरतात, साधारण पाच ते दहा हेक्टरांत. थव्यातल्या मुख्य जातींची एकेक जोडी किंवा कुटुंब ती हद्द मिळून राखतं. उजाडताना अँटश्राइक मोठ्याने बोलावतो आणि सगळे ठरलेल्या जागी जमतात. मानूमध्ये दोन दशकांच्या अंतराने पाहणी केली, तेव्हा मधल्या काळात पक्षी बदलले होते, पण हद्दी आणि जमायच्या जागा बऱ्याच अंशी त्याच निघाल्या. म्हणून त्याच पायवाटांवर वर्षानुवर्षं चालणारा गाईड पहाटे अंधारात एखाद्या वळणावर तुम्हाला उभं करतो, ते उगाच नाही. त्याने अँटश्राइकची हाक ऐकलेली असते.

गाईड कधी तोंडाने पिग्मी घुबडाची शीळ घालतात. हे इवलंसं घुबड दिवसाही छोटे पक्षी मारतं. उडत्या ससाण्यापासून लपायचं असतं, बसलेल्या घुबडाला मात्र सगळ्यांनी मिळून घेरायचं आणि कलकलाट करून हुसकवायचं असतं. म्हणून या शिळेने पक्षी पळण्याऐवजी चवताळून जवळ येतात. दोन्ही प्रसंगांतल्या हाकाही वेगळ्या घडणीच्या असतात. पक्ष्यांच्या आवाजांचे अभ्यासक पीटर मार्लर यांनी 1955 मध्ये युरोपातल्या पक्ष्यांवरून हे मांडलं. ससाण्यासाठीची हाक बारीक, सात किलोहर्ट्‌झच्या आसपासची, हळूच सुरू होऊन हळूच विरणारी असते. आवाजाची दिशा कळते ती दोन्ही कानांवर तो पोचण्यातल्या वेळेच्या, तरंगांच्या आणि जोराच्या फरकावरून. इथे सुरुवात ठळक नसल्याने वेळेचा फरक लागत नाही. तरंगलांबी जेमतेम पाच सेंटिमीटर असल्याने तरंगांची तुलना फसवी ठरते, आणि डोक्याच्या आडोशाने पलीकडच्या कानाला आवाज पुरेसा कमी ऐकू यावा इतकी ती आखूडही नसते. घुबडाला घेरायची हाक नेमकी उलटी असते, कर्कश आणि तुटक. इकडे या, हा इथे बसलाय, हेच तर सांगायचं असतं.

फोनवरून कॉल लावून पक्षी बोलावणं हल्ली फार सोपं झालं आहे, आणि अ‍ॅप असलं की गाईड कशाला, असंही म्हटलं जातं. ते मला मुळीच पटत नाही. इक्वेडोरमधल्या एका प्रयोगात एकाच जागी रोज कॉल लावल्यावर तांबूस अँटपिट्टा या पक्ष्याने काही दिवसांतच त्याला प्रतिसाद देणं सोडून दिलं. तोवर आलेल्या प्रत्येक खेपेला मात्र तो अन्न शोधणं सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हुसकवायला आला होता. अ‍ॅप नाव सांगेल, पण थांबायचं कधी ते चांगला गाईडच सांगतो.

पहारेकऱ्यावाचून थव्याचं काय होतं, हेही तपासलं गेलं आहे. पेरूमध्ये संशोधकांनी काही थव्यांतले अँटश्राइक पकडून तात्पुरते बाजूला ठेवले. बाकीचे पक्षी लगोलग उघड्या जागा सोडून दाट झाडीत सरकले. किडे होते तेवढेच होते, पण ते खाण्याची हिंमत उरली नव्हती.

जंगलाचे तुकडे पडले की हेच मोठ्या प्रमाणावर होतं. ब्राझीलमध्ये मनौसजवळ 1979 पासून चाललेल्या अभ्यासात सलग जंगलापासून तुटलेल्या 1 आणि 10 हेक्टरांच्या तुकड्यांतले मिश्र थवे दोन-तीन वर्षांत मोडले. झाडं उभी होती, पण थवा म्हणून काही राहिलं नाही. पुढे 10 हेक्टरांच्या काही तुकड्यांभोवती सेक्रोपियाची झाडं वाढून ते मोठ्या जंगलाशी जोडले गेले, आणि तिथे थवे पुन्हा दिसू लागले. तेव्हा टूर ठरवताना जातींच्या यादीची लांबी विचारण्याआधी, ज्या जंगलात नेणार ते सलग किती आहे, एवढं जरूर विचारा. आणि थवा समोर आला की आधी ताठ बसलेला राखाडी पक्षी शोधा. तो कुठे वळतो ते कळलं, तर बाकीचे कुठे दिसतील हे आपोआप कळतं.