पागेत तडकलेली काडतुसं

भुसावळहून मुक्ताईनगरकडे निघालं की वाटेत वरणगाव लागतं. इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत रायफलींची काडतुसं बनतात. फॅक्टरी १९६४ची, २०२१पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. संरक्षण संशोधन म्हटलं की आपल्याला क्षेपणास्त्र आठवतं. मला मात्र काडतुसाची पितळेची पुंगळी, म्हणजे दारू भरायची नळी, जास्त चक्रावून टाकते.

हे पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. बार उडताना आतला दाब हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींवर जातो. त्या क्षणी पुंगळीने फुगून रायफलीच्या आतल्या भिंतीला चिकटायला हवं, नाहीतर तापलेला वायू मागे शिपायाच्या तोंडावर येईल. लगेच आकसायलाही हवं, नाहीतर ती तिथेच रुतून बसेल. आतली दारू मुळात कापसाचीच बरं का! सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंवर आम्लांची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेला एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात पागेत ठेवलेल्या काडतुसांना न वापरताच चिरा जायच्या. दोष हवामानाला दिला गेला. इंग्रजीत या तडकण्याचं नावच ऋतूवरून पडलं. खरा गुन्हेगार १९२१च्या सुमारास सापडला: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया. गोठ्यात सकाळी नाकाला झोंबतो, तोच. पण एकटा अमोनिया पुरत नाही. पितळेची वाटी ओढून ओढून लांब नळी करताना धातूत ताण साठून राहतो. दमट हवेतला अमोनिया धातूच्या कणाकणांमधल्या सांध्यांत शिरतो आणि आतला ताणच मग पुंगळी फाडतो.

उपाय आपल्या तांबटाला ओळखीचा वाटेल. हंडा ठोकून कडक झाला की तो पुन्हा भट्टीत घालतो. पुंगळीचं मात्र सगळं अंग मऊ करून चालत नाही, आकसण्याचा गुण जाईल. म्हणून शेवटी फक्त तोंडाकडचा, सर्वांत ताणलेला भाग झटकन तापवतात. लष्करी काडतुसाच्या मानेवर बऱ्याचदा निळसर-तपकिरी झाक दिसते, ती या आचेची. पॉलिश करून ती सहज घालवता येते. पण तशीच ठेवली की तपासणाऱ्याला एका नजरेत कळतं, मान तापवलेली आहे.