मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि ऑक्सिजनची कमतरता

रक्तातील ऑक्सिजन बराच घटला की मेंदूतील लहान रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसातील वाहिन्या अशा वेळी नेमक्या उलट, म्हणजे आकसतात. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण विश्रांतीतही शरीराच्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खर्च करतो आणि गाठीला साठा जवळजवळ ठेवत नाही.

हा प्रतिसाद पहिल्या घटीलाच दिसत नाही. धमनीरक्तातील ऑक्सिजनचा दाब सुमारे १०० मिमी पाऱ्यावरून ५०-६० मिमीपर्यंत उतरला तरी मेंदूच्या रक्तप्रवाहात फारसा फरक पडत नाही. तोवर हिमोग्लोबिन ऑक्सिजनने बऱ्यापैकी भरलेले असते. त्याखाली मात्र प्रवाह झपाट्याने वाढतो.

रुंदावण्याचे मुख्य काम रोहिणिकांचे, म्हणजे धमन्यांच्या बारीक फांद्यांचे. ॲडेनोसीन, नायट्रिक ऑक्साइड यांसारख्या द्रव्यांमुळे त्यांच्या भिंतीतील स्नायुपेशी सैल पडतात. केशवाहिन्यांना स्नायूंचा थर नसतो. त्यांना पेरिसाइट नावाच्या पेशी बिलगलेल्या असतात. शार्ल रूजे यांनी १८७३ मध्ये त्यांचे वर्णन केले, तरी प्रवाहावर त्यांचा ताबा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. गुठळीने रक्तपुरवठाच तुटला तर या पेशी आकसतात आणि आकसलेल्या स्थितीतच मरतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. गुठळी काढल्यावरही काही भागात रक्त का पोहोचत नाही, याचे हे एक कारण असू शकते.

विमानाने थेट लेहला (सुमारे ३,५०० मी.) उतरणाऱ्याच्या डोक्यात रस्सीखेच चालते. कमी ऑक्सिजन वाहिन्या रुंदावू पाहतो. पण श्वास वाढल्याने कार्बन डायऑक्साइड घटतो आणि ही घट त्यांना आकसायला लावते. पहिले काही दिवस प्रवाह वाढलेला राहतो, मग शरीर सरावले की हळूहळू पूर्वपदाला येतो. काही थोड्यांच्या बाबतीत केशवाहिन्यांतून द्रव झिरपून मेंदूला सूज येते. अशा वेळी चाल लटपटते. खाली उतरवणे हाच मुख्य उपाय, सोबत ऑक्सिजन आणि डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारे स्टेरॉइड.

दीर्घकाळच्या बदलांमागे एचआयएफ (हायपॉक्सिया-इंड्यूसिबल फॅक्टर) हे ऑक्सिजन घटल्यावर जनुके चालू करणारे प्रथिन असते. पेशी ऑक्सिजनची पातळी कशी ओळखतात, या शोधासाठी २०१९ चे वैद्यकाचे नोबेल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना मिळाले. निम्म्या वातावरणीय दाबात तीन आठवडे ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत केशवाहिन्या लक्षणीय दाट होतात. नेहमीच्या हवेत परत आणल्यावर काही आठवड्यांत त्या जादा वाहिन्या विरून जातात.