हाँगकाँग : ऋतुमान आणि लोकजीवन

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर पर्ल नदीच्या मुखाशी वसलेले हाँगकाँग हे बंदर 22° 18′ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. निव्वळ अक्षांश पाहिला तर ते उष्ण कटिबंधात मोडते. परंतु हिवाळ्यात आशिया खंडाच्या अंतर्भागातून येणाऱ्या थंड, कोरड्या मोसमी वाऱ्यांमुळे त्याचे हवामान उपोष्ण प्रकारचे ठरते. क्षेत्रफळ सुमारे 1,100 चौ. किमी. आणि लोकसंख्या सुमारे 75 लाख असली, तरी त्यातील बराच भाग डोंगराळ व राखीव असल्याने वस्ती किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यांत, भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर आणि डोंगरउतारांवर दाटलेली आहे. वारा, पाऊस आणि उधाण या तिन्हींचा मारा त्यामुळे थेट राहत्या घरांवर येतो. शाळा, कचेऱ्या, बोटी आणि बाजार केव्हा बंद व्हावेत याची आकड्यांत बांधलेली आणि लहान मुलांनाही पाठ असलेली व्यवस्था या शहराने उभी केली, हे त्याच्या लोकजीवनाचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

वार्षिक सरासरी पाऊस सुमारे 2,400 मिमी., म्हणजे जवळजवळ मुंबईइतकाच आहे. मुंबईत तो मुख्यतः चार महिन्यांत कोसळून संपतो. हाँगकाँगमध्ये मे ते सप्टेंबर हा मुख्य पावसाळा असला, तरी एरवीही सरी येत राहतात. मोठी नदी किंवा नैसर्गिक सरोवर नसल्यामुळे एवढा पाऊस पडूनही पाणी पुरत नसे. 1963-64 च्या टंचाईत चार दिवसांतून एकदा, तेही चार तासच, नळाला पाणी येई. 1965 पासून मुख्य भूमीवरील दोंगजियांग नदीचे पाणी येऊ लागले आणि टंचाई हळूहळू ओसरली. शौचालयांसाठी समुद्राचे पाणी वापरण्याची वेगळी नळव्यवस्था मात्र आजही बहुसंख्य इमारतींत चालू आहे.

हिवाळा छोटा आणि सुखाचा असतो. जानेवारीचे सरासरी तापमान सुमारे 16.5° से. असते. घरे तापवण्याची सोय सहसा नसल्याने पारा 10 अंशांजवळ आला की वृद्धांचे हाल होतात, आणि अशा वेळी थंडीचा इशारा देऊन बेघरांसाठी समाजमंदिरे उघडली जातात. 24 जानेवारी 2016 रोजी शहरात 3.1° से. तापमान नोंदले गेले. त्या दिवशी ताय मो शान या 957 मी. उंचीच्या सर्वोच्च शिखरावर गोठलेले दव पाहायला गेलेले अनेक जण निसरड्या रस्त्यावर अडकले आणि अग्निशमन दलाला त्यांची सुटका करावी लागली.

मार्च-एप्रिलमध्ये येणाऱ्या दमट दिवसांना कँटोनीज भाषेत ‘वुइ नाम तिन’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘दक्षिणेची हवा परतण्याचे दिवस’. थंड वारे मागे हटतात आणि समुद्रावरची उबदार, बाष्पाने भरलेली हवा एकाएकी शहरात शिरते. भिंती, फरशा आणि आरसे मात्र अजून हिवाळ्याइतकेच गार असतात, म्हणून हवेतील बाष्प त्यांच्यावर जमून पाणी होते. पावसाचा एक थेंबही पडलेला नसताना इमारतीच्या प्रवेशद्वारातील फरशी पुसल्यासारखी ओली होते, जिन्याच्या भिंतींवरून ओघळ उतरतात आणि रहिवासी घसरू नयेत म्हणून रखवालदार पुठ्ठे अंथरून ठेवतात. आपल्याकडे आषाढात पोहे-पापड सादळतात, तसे येथे कपडे, पुस्तके, चामडी चपला आणि पिशव्या सर्द होऊन त्यांवर बुरशी धरते. अशा दिवसांत खिडक्या उघडणे ही नवख्या माणसाची चूक असते, कारण बाहेरची हवाच ओल घेऊन आत येते. जाणते लोक खिडक्या घट्ट लावून हवेतील ओल शोषणारे यंत्र चालू ठेवतात आणि त्याच्या टाकीत साठलेले पाणी दिवसातून दोन-तीनदा ओतून टाकतात.

पावसाळ्यातील मोठे भय दरडींचे आहे. 18 जून 1972 या एकाच दिवशी साव माव पिंग येथील वस्तीवर आणि हाँगकाँग बेटावरील पो शान मार्गावर दरडी कोसळून एकूण 138 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी पहिली वस्ती गरिबांची होती, तर दुसरा भाग सुखवस्तू लोकांचा. दरडीने भेद केला नाही. 1977 मध्ये डोंगरउतारांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय स्थापन झाले. आज मानवनिर्मित उतार आणि संरक्षक भिंती मिळून सुमारे 60,000 नोंदलेल्या आहेत आणि प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक आहे. बसथांब्याच्या मागे उभ्या सिमेंटच्या लेपाचा कडा, त्यातून पाणी झिरपून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे, लेपात गोल जागा सोडून जपलेले एखादे झाड, कडेने वर चढत जाणारा पाहणीसाठीचा अरुंद जिना आणि पायथ्याशी त्या उताराच्या क्रमांकाची छोटी पाटी, हे दृश्य शहरभर दिसते. 1992 पासून मुसळधार पावसाचेही इशारे दिले जातात. पिवळसर, लाल आणि काळा हे इशारे अनुक्रमे तासाला 30, 50 आणि 70 मिमी.हून अधिक पावसासाठी असतात. 7 सप्टेंबर 2023 च्या रात्री 11 ते 12 या एका तासात वेधशाळेत 158.1 मिमी. पाऊस नोंदला गेला. 1884 मध्ये नोंदी सुरू झाल्यापासून तासाभरात एवढा पाऊस तेथे कधी पडला नव्हता, आणि तेव्हाचा काळा इशारा 16 तासांहून अधिक काळ कायम होता.

हाँगकाँगची वेधशाळा 1883 मध्ये बेटासमोरच्या कौलून द्वीपकल्पावरील चिम शा चुई येथे स्थापन झाली. तिचे सर्वांत महत्त्वाचे काम टायफून म्हणजे चक्री वादळांचे इशारे देण्याचे होते आणि आहे. सुरुवातीला पिंप, गोळा, शंकू अशा आकारांच्या खुणा डोलकाठीवर चढवीत आणि वादळ जवळ आल्यास तोफ डागीत. 1917 मध्ये या खुणांना क्रमांक मिळाले. सध्या 1, 3, 8, 9 आणि 10 एवढेच क्रमांक वापरात आहेत. 5, 6 आणि 7 हे आकडे गळण्यामागे कारण आहे : पूर्वी 5 ते 8 हे चार क्रमांक चार दिशांच्या झंझावातासाठी होते, 1973 पासून ते चारही 8 या एकाच क्रमांकाखाली आणून पुढे दिशा जोडण्यात आली. शेवटचे निशाणकेंद्र 2002 मध्ये च्युंग चाव बेटावर बंद झाले, आता प्रत्यक्षात काहीच चढवले जात नाही, तरीही लोक ‘आठ नंबरचा फुंग काव लागला’ असेच म्हणतात. फुंग काव म्हणजे वाऱ्याचा गोळा. रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर ‘तीन नंबरचा बावटा लागला’ म्हणतात, तोच हा बोलीतला ठसा; मात्र भारतीय बंदरांची मालिका 1 ते 11 अशी वेगळी आहे, म्हणून दोन्हीकडच्या आकड्यांचा अर्थ एक धरू नये.

तीन नंबर लागला की बालवाड्या बंद होतात. आठ नंबर म्हणजे ताशी 63 किमी. किंवा त्याहून अधिक वेगाचे वारे. तो लावण्याआधी साधारण दोन तास वेधशाळा पूर्वसूचना देते आणि त्या दोन तासांत सारे शहर घराकडे निघते. शाळा व न्यायालये बंद होतात, बस आणि बोटी टप्प्याटप्प्याने थांबतात, बाजारात भाजी आणि पाव संपतात, दुकानदार काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारतात. शेअर बाजारही पूर्वी बंद होई. सप्टेंबर 2024 पासून तो वादळातही चालू ठेवला जातो. वादळाचा दिवस म्हणजे अवचित मिळालेली सुट्टी, ही भावना खरी आहे. मात्र ती पक्क्या घरांत राहणाऱ्या पिढ्यांची आहे. 18 सप्टेंबर 1906 च्या वादळात हजारो माणसे दगावली, ती बहुतांशी होड्यांवरची होती. 1962 च्या वांडा वादळात सुमारे 72,000 लोक बेघर झाले. 2018 च्या मांगखुट वादळात दहा नंबरचा इशारा 10 तास कायम होता, हजारो झाडे उन्मळून पडली आणि उंच इमारतींच्या काचा फुटल्या, तरी हाँगकाँगमध्ये त्याचा एकही बळी गेला नाही. शतकभरात साधलेला हा बदल या व्यवस्थेचे मोठे यश आहे.

होड्यांवर जन्म काढणाऱ्या तांका समाजासाठी बांध घालून वादळ-आसरे बांधण्यात आले. कॉजवे बे येथील पहिला आसरा 1883 चा, तर याव मा तेईचा 1906 च्या संहारानंतर उभारलेला आणि 1915 मध्ये पुरा झालेला आहे. होड्या तेथे एकमेकींना खेटून महिनोन्‌महिने राहत आणि त्यांच्यावरच चुली पेटत. कुरकुरीत तळलेला ढीगभर लसूण, मिरची आणि आंबवलेले काळे सोयाबीन घालून परतलेला खेकडा ही तेथलीच पाककृती असून उपाहारगृहांत ती आजही ‘वादळ-आसऱ्याचा खेकडा’ या नावानेच मागतात.

रोजचे खाणेपिणेही ऋतूप्रमाणे बदलते. लिची आणि तळलेले पदार्थ ‘उष्ण’ पडतात, दमट दिवसांत अंगात ‘ओल’ धरते, या समजुती मराठी घरांतल्या उष्ण-थंडाच्या विचाराला अगदी जवळच्या आहेत. त्यावर उतारा म्हणून रस्त्याकडेच्या दुकानांत पितळी हंड्यांतून ‘लेउंग चा’ मिळतो. नावाचा अर्थ ‘थंड चहा’ असला तरी तो वनस्पतींचा कडू काढा असतो, बहुधा गरमच पितात आणि उभ्या-उभ्या एका दमात संपवतात. हिवाळ्यात मातीच्या भांड्यात शिजवलेला, खारवलेल्या मांसाचा भात लोकप्रिय असतो. बारमाही आधार ‘चा चान तेंग’ या स्वस्त उपाहारगृहांचा. तेथील चहा कापडी गाळणीतून पुन्हा पुन्हा ओतून दाट करतात आणि त्यात आटवलेले दूध घालतात.

सणांतही वादळाची आठवण उरली आहे. ताय हांग या जुन्या खेड्यात 1880 मध्ये वादळापाठोपाठ रोगाची साथ आली आणि ती घालवण्यासाठी गावकऱ्यांनी पेटत्या उदबत्त्या खोचलेला गवताचा अग्निनाग नाचवला, अशी परंपरा सांगतात. आज त्या खेड्याभोवती मनोरे उभे आहेत, तरीही चिनी पंचांगाच्या आठव्या महिन्यातील पौर्णिमेच्या सुमारास सुमारे 67 मी. लांबीचा तो नाग धूर ओकत अरुंद गल्ल्यांतून फिरतो.

मुंबईचा या शहराशी संबंध पारशी व्यापाऱ्यांमुळे आला. मुंबईत जन्मलेल्या होरमसजी नवरोजी मोदी यांच्या देणगीतून हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत उभी राहिली आणि चिम शा चुईत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. बेट व कौलून यांदरम्यानची स्टार फेरी ही बोटसेवाही दोराबजी नवरोजी या पारशी व्यापाऱ्याने 1888 मध्ये काढलेल्या कंपनीतून वाढली. 1898 पासून ती सध्याच्या नावाने चालते. हिरव्या-पांढऱ्या दुमजली बोटी दहा मिनिटांच्या आत बंदर ओलांडतात. तीन नंबरच्या वाऱ्यात त्या हेलकावत का होईना चालू असतात. आठची पूर्वसूचना झाली की धक्क्यावर घाईने रांगा लागतात, उरलेल्या फेऱ्या भरून जातात आणि मग धक्क्याची फाटके ओढून घेतली जातात.