देणगी की जाहिरात? गणेश मंडळांच्या प्रायोजकांची पार्श्वभूमी

1893 पासून पुढे बराच काळ सार्वजनिक गणेशोत्सवाची भिस्त वर्गणीवर होती. पेठेतला कापडवाला, सराफ, किराणा दुकानदार यांचा आकडा ठरलेला असे आणि तो आणायला जाणारा कार्यकर्ताही ठरलेला. नवा पोरगा पावतीपुस्तक घेऊन गेला तर "अण्णांना पाठवा" असं ऐकून परत यायचा. मग स्मरणिका निघू लागल्या. चार पानं मजकूर, चाळीस पानं जाहिराती. वाचायला कोण घेतंय!

तरी त्या टिकल्या, कारण दुकानदाराच्या वहीत त्या बसत होत्या. देणगीवर आयकरात सूट हवी तर मंडळाकडे तशी मान्यता लागते. गल्लीतल्या मंडळाकडे ती कुठून असणार? तेवढ्याच रकमेची जाहिरात दिली की ती धंद्याचा खर्च म्हणून वजा होते. त्यामुळे देणगीदार कागदावर जाहिरातदार झाला. माणूस तोच, रक्कम तीच.

घोळ पुढे झाला. प्रायोजकत्वावर 2006 साली सेवाकर आला, 2017 मध्ये त्याची जागा जीएसटीने घेतली. प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी पेढी असेल तर 18 टक्के कर तिनेच परस्पर सरकारकडे भरायचा. आता 'जाहिरात' हा शब्द महाग पडू लागला आणि काही पावत्यांवर पुन्हा 'देणगी' अवतरली. प्रायोजकाच्या नावाची कमान मात्र होती तिथेच.

ऑक्टोबर 2019 च्या केंद्रीय परिपत्रकाने याबाबत रेघ ओढली. धर्मादाय संस्थेने दात्याचं नाव केवळ कृतज्ञता म्हणून लावलं आणि त्यातून त्याच्या धंद्याची प्रसिद्धी होत नसेल, तर जीएसटी नाही. त्यातलं एक उदाहरण देवळातल्या खोलीच्या दाराचं आहे: वडिलांच्या स्मरणार्थ देणगी, खाली देणारीचं नाव. म्हणजे 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' चालेल. 'अमुक आणि सन्स, आमची कोठेही शाखा नाही' म्हटलं की ती जाहिरात. आणि 'सौजन्य' लिहून खाली दुकानाचं बोधचिन्ह? मंडळं हा शब्द ढालीसारखा वापरतात, पण बोधचिन्ह दिसलं की ढाल गळते. परिपत्रकावर बरीच कुरकुर झाली. माझ्या मते ते रास्तच होतं. एकाच पैशाला दोन नावं किती दिवस चालणार?

दरम्यान 1991 नंतर कंपन्या आल्या, फ्लेक्स आले, मध्ये जाहिरात एजन्सी आली. पैसा मोठा, पण दर श्रावणात नव्याने बोलणी. गेल्या वर्षीचा साहेब बदलून गेलेला, नव्याला मंडळ कुठल्या चौकात आहे तेही ठाऊक नाही. 2020 मध्ये कोरोनामुळे मूर्तीला 4 फुटांची मर्यादा आली, मिरवणुका बंद झाल्या. दाखवायला गर्दीच नाही म्हटल्यावर आमच्या मंडळाच्या एजन्सीने फोन उचलणं सोडलं. जुन्या सराफांनी मात्र कमान नसतानाही नेहमीची पावती फाडली.

त्यानंतर आम्ही तीन वर्षांचा करार मागायला लागलो. एका धंद्यातला एकच प्रायोजक, कमानीची जागा कायम, विसर्जनानंतर फोटोंसह हिशेब. प्रायोजक सगळं मान्य करतात. अडतं ते पावतीवर काय लिहायचं यापाशी. सराफ अजून 'वर्गणी' लिहा म्हणतात.